उसना कोट

ब्रँडिंग फोटोशूट म्हणजे दुकान, दुकानदार आणि माल हे तिघेही एरवी दिसतात तसे दिसू नयेत, यासाठी पैसे मोजून केलेली व्यवस्था. ‘ब्रँड’ हा शब्द निखारा, जळते लाकूड अशा अर्थाच्या जुन्या जर्मानिक शब्दापासून आला आणि पुढे गुरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने उठवलेल्या मालकीच्या खुणेला लागला. मराठीत याला डाग देणे म्हणतात. पूर्वी डाग जनावराला एकदाच दिला जाई. आता तो मालकाला दर दिवाळीआधी दिला जातो, आणि त्याचे पैसेही मालकच भरतो.

या क्रियेचा अभ्यास कोणत्याही धंद्यावर करता येतो. येथे कोल्हापुरातले तीन पिढ्यांचे मसाल्याचे दुकान नमुन्यादाखल घेतले आहे. असे दुकान ठरावीक क्रमाने वाढते. पहिली पिढी मिरची कांडपाचा डंक बसवते, दुसरी पिढी गल्ल्यावर बसते आणि तिसरी पिढी पुण्यात एमबीएला बसते. ती परत आली की पहिल्याच जेवणात एक वाक्य उच्चारते : “आपला माल चांगला आहे, पण आपलं नॅरेटिव्ह नाही.” दुसऱ्या पिढीची समजूत होते की हा एखादा नवा परवाना असावा. “मग काढूया की. कुठल्या हापिसात मिळतंय?” या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता घर ज्या ठिकाणी पोहोचते, त्याला फोटोशूट म्हणतात.

दुकानदाराने कॅमेऱ्यासाठी नटणे मात्र नवे नाही. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरचे छायाचित्रणाचे तंत्र जाहीर झाले आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. सुरुवातीला एका छबीसाठी उन्हात मिनिटामागून मिनिट न हलता बसावे लागे. मान डुलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. इतका वेळ हसू टिकवणे माणसाला जमत नाही. म्हणून त्या काळातली माणसे फोटोत गंभीर दिसतात आणि वंशज त्याला करारीपणा समजतात. दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्याआधी छायाचित्रणाचा धंदा करत. बडोद्यात त्यांचा जम बसेना, कारण कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो अशी वदंता तिथे पसरली होती. ही वदंता पुढे खोटी ठरली असे मानतात. सकाळी सात ते संध्याकाळी सात शूट देऊन घरी आलेल्या दुकानदारांचे मत अद्याप कुणी विचारलेले नाही.

कोल्हापूरला या विषयात खास अधिकार आहे. बाबूराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवण्यात नावाजले. मग त्यांनी स्वतःचा कॅमेरा तयार केला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला आणि चित्रपटात रंगवलेल्या पडद्याच्या जागी भरीव सेट उभे केले. म्हणजे चितारलेला जिना आणि खरा भासणारा खोटा जिना यांतला फरक या गावाला शंभर वर्षांपूर्वी कळला होता. गल्लीतल्या स्टुडिओंनी मात्र चितारलेलाच जिना पुढे कित्येक वर्षे वापरला. तो कुठेही जात नसे, पण त्याच्या पायथ्याशी उभा राहिलेला माणूस वरच्या मजल्यावर राहतो असे वाटे.

नमुन्याच्या दुकानात गल्ल्यामागे चंदनाचा हार घातलेला जो फोटो असतो, तो अशाच स्टुडिओतला. संस्थापक आजोबा त्यात कोट घालून, एक हात उंच तिकाटण्यावरच्या फुलदाणीजवळ ठेवून उभे आहेत. हयातीत त्यांनी कोट शिवला नाही आणि फुलदाणीला हात लावला नाही. कोट स्टुडिओचा. तो आत खुंटीला टांगलेला असे, सगळ्यांना एकाच मापाचा, आणि सैल झाला तर पाठीमागून चिमटे लावून बसवत. फोटो गुडघ्यावरच संपतो, कारण खाली धोतर आणि वहाणा आहेत. हा फोटो घरात ‘आजोबा अगदी असेच होते’ या शब्दांत दाखवला जातो. तिसरी पिढी फोटोशूटच्या बैठकीत “आपल्याला आजोबांसारखं ऑथेंटिक काहीतरी पाहिजे” असे म्हणते, तेव्हा तिचे बोट याच कोटाकडे असते.

तयारीची पहिली पायरी छायाचित्रकार निवडण्याची. शहरात लग्नाचे आणि ब्रँडचे असे दोन प्रकारचे छायाचित्रकार मिळतात. माणूस बहुधा एकच असतो. तुळशीच्या लग्नानंतर तो पहिल्या प्रकारात मोडतो आणि पावसाळ्यात दुसऱ्या. दर ऋतूवर अवलंबून नसून शब्दावर असतो. ‘फोटो’ म्हटले तर एक दर, ‘शूट’ म्हटले तर दुप्पट, आणि ‘व्हिज्युअल स्टोरीटेलिंग’ म्हटले तर जीएसटी वेगळा. मालकाने घासाघीस करून दर खाली आणला की छायाचित्रकार ‘ड्रोन’ हा शब्द काढतो आणि दर पूर्ववत होतो. बारा फुटी दुकानात ड्रोन कशाला, हा प्रश्न बिल आल्यावर विचारण्याची पद्धत आहे.

दुसरी पायरी प्रश्नावली. ती कागदावर येत नाही, दुव्यावर येते, आणि मालक ती मुलाला मोठ्याने वाचायला लावतो. ‘तुमचा ब्रँड माणूस असता, तर कोण असता?’ याचे उत्तर मालक वडिलांचे नाव सांगून देतो आणि मुलगा सवयीने त्याआधी ‘कै.’ लिहितो. ‘तुमचा आदर्श ग्राहक कोण?’ याचे उत्तर ‘रोखीचा’ असे येते. ‘तुमच्या ब्रँडचा स्वभाव तीन शब्दांत सांगा’ या प्रश्नाला ‘तिखट, तिखट, आणि बेतानं घाला’ हे उत्तर दिले जाते. त्यातले शब्द तीनाहून जास्त होतात म्हणून अर्ज पुढे सरकत नाही. इथवर घरच्यांनी ‘चटणी’ म्हटलेला पदार्थ या टप्प्यावर ‘स्पाइस ब्लेंड’ होतो. कोल्हापुरात वर्षाच्या तिखटाला चटणीच म्हणतात, हे छायाचित्रकाराला ठाऊक असते, कारण त्याच्या घरीही उन्हाळ्यात ती याच डंकावरून कांडून आणलेली असते. पण शब्दाप्रमाणे दर असल्याने तो ते बोलून दाखवत नाही.

यानंतर मूडबोर्ड येतो. मूडबोर्ड म्हणजे दुसऱ्यांच्या दुकानांचे फोटो दाखवून आपल्या दुकानाची लाज वाटायला लावणारा तक्ता. त्यात काळसर लाकडाचे मेज, एका बाजूने येणारा उन्हाचा तिरपा झोत, आणि त्या झोतात लसूण सोलणारे सुरकुतलेले हात असतात. प्रत्यक्ष दुकानात सनमायकाचा काउंटर, सहा ट्यूबलाइट आणि सोललेल्या लसणाची पिशवी असते. हे अंतर भरून काढण्याला पूर्वतयारी म्हणतात.

पूर्वतयारीची सुरुवात रेकीने होते. छायाचित्रकार दुकानात येऊन दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांची चौकट करतो आणि तिच्यातून जे जे दिसते ते काढायला सांगतो. पहिल्यांदा भिंतीवरचे कालनिर्णय. १९७३ पासून निघणारे हे कॅलेंडर महाराष्ट्रातल्या दुकानांच्या भिंतींना इतके सरावलेले आहे की ते काढले की त्याच्या मागे भिंतीचा मूळ रंग चौकोनात सापडतो. हा चौकोन कॅलेंडरपेक्षा जास्त नजरेत भरतो. तो झाकायला दुसरे काही लावावे तर ते चौकोनापेक्षा लहान पडते. म्हणून भिंत रंगवायची ठरते. एक भिंत रंगवली की उरलेल्या तीन जुन्या दिसतात. आणि चार हजारांच्या फोटोसाठी चाळीस हजारांचे रंगकाम निघते. घरातल्या लग्नात नेमके हेच होत असल्याने कुटुंबाला त्याचे आश्चर्य वाटत नाही.

त्यानंतर पाट्यांची पाळी. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ग्राहकाविषयी अविश्वास दाखवते म्हणून उतरवतात. दारावरचे लिंबू-मिरची काढण्याला आजी हरकत घेते. मिरचीच्या दुकानात मिरची टांगणे ही परंपरा की जाहिरात, यावर चर्चा होऊन ती एका शॉटपुरती मागे सरकवण्यावर तडजोड होते. देवाच्या तसबिरीला हात लावायची छाती कुणालाच होत नाही, परंतु तिच्याभोवतीची एलईडी माळ बंद करावी लागते. यामागे खरोखरच शास्त्र आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असल्याने साध्या ट्यूबचा आणि स्वस्त दिव्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर जास्त वेगाने उघडले की फोटोवर काळपट पट्टे येतात. शिवाय ट्यूबचा उजेड हिरवट, जुन्या पिवळ्या बल्बचा सुमारे २७०० केल्विनचा आणि दुपारच्या उन्हाचा साधारण ५५०० केल्विनचा. तिन्ही एकत्र पडले की मालकाचा एक गाल कावीळ झालेला आणि दुसरा मळमळणारा दिसतो. सगळे दिवे बंद करून छायाचित्रकाराचे दोन दिवे लावणे हा उपाय असतो. दुकान अंधारात बघून पहिला ग्राहक “कोण गेलं?” असे विचारतो.

जे काढले त्याच्या जागी काही आणावे लागते. इथे पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, पितळी डबे, सूप आणि कोरी गोणपाटाची पोती यांची यादी होते. आजोबांनी डंक बसवला तो बायकांचे उखळ-मुसळ सुटावे म्हणून. नातू डंकावर चादर टाकतो आणि उखळ-मुसळ भाड्याने आणतो. मुसळ कसे धरतात हे घरात आजीशिवाय कुणाला ठाऊक नसते, आणि आजीला ते परत धरायचे नसते. गोणपाटाची पोती कोरी आणली तर फारच कोरी दिसतात, म्हणून ती गच्चीवर नेऊन तुडवतात. दुकानात आधीपासून असलेली, तुडवलेली खरी पोती याच वेळी मागच्या खोलीत लपवलेली असतात, कारण त्यांवर दुसऱ्याच व्यापाऱ्याचा मार्का असतो.

वेशभूषेचे नियम थोडे आणि कडक आहेत. बारीक चौकटीचा किंवा बारीक रेघांचा शर्ट चालत नाही. कापडाची वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींत गुंतून फोटोत पाण्यासारख्या लाटा उठतात. दुकानदाराकडे सहा शर्ट असतात आणि सहाही बारीक चौकटीचे असतात, कारण त्यांवर डाग दिसत नाही. पांढरा शर्ट पांढऱ्या भिंतीत विरतो, लाल शर्ट मालाशी स्पर्धा करतो. शेवटी खादीचा, मातकट रंगाचा, कडेला बटणे असलेला कुडता आणला जातो. तो घातल्यावर मालक सांस्कृतिक कार्यक्रमाच्या निवेदकासारखा दिसतो. फेटा बांधावा असा आग्रह धरणारा एक मामा प्रत्येक कुटुंबात असतो. फेटा बांधला की मिरचीचे दुकान आणि लग्नाचा फोटो यांतला फरक मिटतो आणि छायाचित्रकार सवयीने “वधूपक्ष कुठाय?” असे विचारतो, म्हणून हा आग्रह बहुधा नाकारला जातो. मामा जेवणापर्यंत रुसतो.

खिशाचा प्रश्न स्वतंत्र आहे. दुकानदाराच्या छातीच्या खिशात दोन पेने, चष्म्याचे घर, मोबाइल, एका शेतकऱ्याच्या वजनाची चिठ्ठी आणि परत द्यायची सुटी नाणी असतात. खिसा रिकामा केला की त्याला उघडे पडल्यासारखे वाटते आणि तो दर दोन मिनिटांनी छाती चाचपतो. काढलेल्या चारशेपैकी निदान साठ फोटोंत मालकाचा हात हृदयावर असतो. त्यातला एक पुढे ‘मनापासून जपलेली चव’ या ओळीखाली छापला जातो.

स्त्रियांच्या वेशभूषेवर बैठका जास्त होतात. मूडबोर्डात सुती साडी असते, सासूबाईंच्या मनात पैठणी असते आणि सुनेने एक तिसरीच घेऊन ठेवलेली असते. चटणीचे प्रमाण सासूबाईंच्या हातात आणि हिशेब सुनेच्या हातात असूनही मूळ यादीत दोघींचा शॉट नसतो. तो त्या स्वतःहून घालतात. साडीचा वाद तिन्हींतून एक निवडून सुटत नाही, तिन्ही साड्यांचे वेगळे शॉट घेऊन सुटतो. यामुळे एका दुकानात तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या बायका काम करतात असा ग्राहकांचा समज होतो, आणि धंदा मोठा असल्याची ती खूण मानली जाते.

चेहऱ्याची तयारी आदल्या दिवशी करतात. केस रंगवताना कानाची पाळीही रंगते, ती लिंबाने घासतात, आणि फोटोत ती काळी न दिसता लाल दिसते. चष्म्याच्या काचेत दिव्याचे प्रतिबिंब पडते म्हणून चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलतात. मालकाला मग समोरचे काही दिसत नाही आणि तो दूरदृष्टी असल्यासारखा बघू लागतो. कॅमेरा जवळ आणून रुंद भिंगाने टिपले तर नाक मोठे होते, म्हणून जाणकार छायाचित्रकार ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावून लांब उभा राहतो. बारा फुटी दुकानात लांब उभे राहणे म्हणजे रस्त्यावर उभे राहणे. तिथे त्याला एक रिक्षा, दोन म्हशी आणि एक ओळखीचा पोलीस आडवे जातात.

उभे राहण्याची पद्धत जगभर ठरलेली आहे : हाताची घडी. शाळेत गुरुजी ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणत, ते मुलांना गप्प बसवण्यासाठी. उद्योगाने त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि त्याला आत्मविश्वास असे नाव दिले. चाळीस वर्षे तराजू धरणाऱ्या माणसाला मोकळ्या हातांचे काय करावे हे कळत नाही, त्यामुळे घडी घालताना तो गोंधळतो आणि स्वतःलाच बांधून घेतल्यासारखा दिसतो. त्याला एक पाय पुढे, खांदे तिरके, हनुवटी थोडी खाली, पोट आत असे चार हुकूम एकदम दिले जातात. पोट आत गेले की श्वास थांबतो आणि चेहरा चटणीच्या रंगाला येऊन मिळतो. ब्रँडची रंगसंगती एवढ्यापुरती आपोआप साधते.

हसणे हा सगळ्यांत लांबलेला भाग. दुकानदार एरवी हसत नाही असे नाही. माल तोलून झाल्यावर चिमूटभर वर टाकताना तो हसतो, पण ते दहा ग्रॅमपुरते असते. “आण्णा, जरा हसा की.” “मी हसालोयच की!” हा संवाद प्रत्येक शूटमध्ये होतो आणि दोघेही खरे बोलत असतात. मिशीखाली हसू आहे, पण ते मिशीच्या बाहेर येत नाही. दागेरच्या काळात यंत्र हळू होते म्हणून हसता येत नसे. आता सेकंदाच्या शंभराव्या भागात काम होते, पण तो भाग नेमका कधी येणार हे कळत नसल्याने माणूस पूर्वीइतकाच वेळ ताटकळतो.

मालाची तयारी माणसांहून अवघड. लाल तिखट डिजिटल कॅमेऱ्याला झेपत नाही. सेन्सरमधला लाल रंगाचा वाटा सगळ्यांत आधी काठोकाठ भरतो, आणि मग दाणा, भरड, तेलाची चमक हे काही न उरता नुसता लाल ठिपका येतो. उजेड कमी करून तो एका बाजूने टाकला की दाण्यांच्या सावल्या पडतात आणि ढीग ढिगासारखा दिसतो. हे जमेपर्यंत मालक पडद्यावर बघून सांगत राहतो, “ही आमची चटणी न्हवं, हे कुंकू हाय.” मसाल्यात ब्याडगी मिरची रंगासाठी आणि संकेश्वरी तिखटपणासाठी घालतात. फोटोत तिखटपणा येत नाही, त्यामुळे संकेश्वरीला या प्रकरणात काहीच काम उरत नाही, आणि ती आपला राग पुढच्या शॉटमध्ये काढते.

पुढचा शॉट ‘उडत्या चटणीचा’. मुठीतून तिखट हवेत भिरकावायचे आणि ते हवेतच गोठलेले टिपायचे. छायाचित्रकाराला हा अनुभव लग्नातल्या हळदीचा असतो, आणि हळदीने शिंक येत नाही. पहिल्या मुठीला मालक शिंकतो, दुसऱ्या मुठीला छायाचित्रकार, तिसऱ्या मुठीला शेजारचा साडीवाला दुकान बंद करून येतो. प्रत्येक मुठीमागे दुसरी पिढी किलोचा भाव मनात धरून हिशेब करत असते. मूठ उडाल्यावर जे जमिनीवर पडते ते झाडून वेगळे ठेवावे की टाकून द्यावे, यावर दोन पिढ्यांत मतभेद होतात. टाकून देणारी पिढी जिंकते, पण तिला ते दुसऱ्या पिढीच्या नजरेआड करावे लागते.

चटणी एकटी विकली जात नाही, तिचा रस्सा दाखवावा लागतो. तांबडा रस्सा वाढला की पाच मिनिटांत तर्री थिजू लागते, कोथिंबीर मान टाकते आणि मटणाचे तुकडे तळ गाठतात. म्हणून वाडग्याच्या तळाशी एक वाटी पालथी घालून तुकडे तिच्यावर मांडतात, कोथिंबिरीवर ग्लिसरीनमिश्रित पाणी फवारतात, आणि वाफेसाठी गरम पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा वाडग्यामागे दडवतात. पांढरा रस्सा पांढऱ्या वाडग्यात दिसतच नाही, म्हणून त्याला शेवटी काळ्या भांड्यात बसवतात. इतके सोपस्कार झालेला रस्सा कुणाच्याही पोटात जात नाही. कोल्हापुरात ही गोष्ट गुन्ह्यात मोडत नसली तरी पापात मोडते, आणि प्रायश्चित्त म्हणून सगळ्या चमूला दुपारी वेगळे मटण घालावे लागते. शूटच्या अंदाजपत्रकातला हा एकच खर्च मालक कुरकुर न करता करतो.

कामगारांच्या फोटोला ‘आमची माणसं’ असे शीर्षक आधीच ठरलेले असते. मागच्या खोलीत मिरचीचे देठ खुडणाऱ्या मावश्या नाकातोंडावर पदर बांधून बसलेल्या असतात. छायाचित्रकार पदर सोडायला सांगतो. त्या सोडत नाहीत, कारण त्यांना शिंकांचा इतिहास माहीत असतो. ओंजळीत मिरच्या घेऊन कॅमेऱ्याकडे बघा म्हटल्यावर त्या बघतात, पण बोटे देठ खुडतच राहतात. त्यातली वडीलधारी मावशी एकच प्रश्न विचारते, “बाळा, आजचा रोज पडणार न्हवं?” होय म्हटल्यावर ती जी हसते, ते दिवसातले सर्वांत कमी खर्चाचे हसू ठरते.

वेळ निवडताना दोन शास्त्रे एकमेकांसमोर येतात. छायाचित्रणाचे शास्त्र सांगते, सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तास धरावा, तेव्हा ऊन तिरपे आणि मऊ असते. आजीचे शास्त्र सांगते, राहुकाळ टाळावा आणि अमावास्या तर नकोच. दोन्ही पाळून उरतो तो मंगळवार सकाळचा पाऊण तास. तेव्हा गल्लीत ऊन येतच नाही, कारण समोर चार मजली इमारत आहे. मग पांढऱ्या थर्मोकोलचा तक्ता धरून दिव्याचा उजेड परतवतात. तक्ता धरणारा भाचा अर्ध्या तासाने वाकतो आणि पुढच्या फोटोंत सूर्य लवकर मावळतो.

शूट चालू असताना दुकान बंद ठेवावे, असा नियम आहे आणि तो कुणी पाळत नाही. अर्धा किलो चटणी घ्यायला आलेला ग्राहक चौकटीत शिरतो. त्याला ‘खराखुरा ग्राहक’ म्हणून थांबवून पिशवी तीनदा द्यायला-घ्यायला लावतात. तिसऱ्या वेळी तो कामाचे पैसे मागतो, मिळत नाहीत असे दिसल्यावर चटणीत सूट मागतो, आणि ती मिळवून दोनदा हसतो. त्यातले एक हसू कॅमेऱ्यात येते.

फोटो काढून झाले की हक्काचा मुद्दा निघतो. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ यातल्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. आणि हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. वेगळा करार बहुधा असतो. तो प्रश्नावलीच्याच दुव्यावर, सगळ्यांत खाली होता, आणि मुलाने तो मोठ्याने वाचला नव्हता. कराराप्रमाणे चारशे फोटोंतले बारा निवडून मिळतात. निवड करायला सगळे कुटुंब बसते आणि प्रत्येकजण फक्त स्वतःकडे बघतो. ज्यात सगळ्यांना स्वतःचा चेहरा बरा वाटतो असा फोटो एकही नसल्याने, ज्यात सगळे सारखेच वाईट आले आहेत तो एकमताने निवडला जातो.

हे बारा फोटो पिशवीवर, दिवाळीच्या खोक्यावर, इन्स्टाग्रामवर आणि दुकानाच्या नव्या फलकावर जातात. मालक हाताची घडी घालून सगळीकडे एकाच वेळी उभा दिसतो. गल्लीतले लोक आठवडाभर त्याला बघून हाताची घडी घालतात आणि मग विसरतात. कॅलेंडर आपल्या जागी परत येते. चादर काढून डंक सुरू होतो. भाड्याचे उखळ एक दिवस उशिरा परत केल्याबद्दल दंड भरला जातो.

त्यानंतर एखाद्या महिन्याने बँकेत वाढीव कर्जाचा अर्ज करावा लागतो. अर्जाला पासपोर्ट आकाराचे, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो लागतात : पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, हसू नको. मुलगा ब्रँडच्या बाराही फोटोंतून मान कापून बघतो. सगळीकडे खांदे तिरके, नजर दूर, मागे गोणपाट. एकही चालत नाही. मालक तसाच, बारीक चौकटीच्या शर्टात, भरल्या खिशाने चौकातल्या स्टुडिओत जातो. तिथला पोरगा दहा सेकंदांत फोटो काढतो आणि संगणकाकडे वळून विचारतो, “कोट काळा घालू का निळा?” मालक काळा म्हणतो. संगणकातला कोट खांद्यावर येऊन बसतो. या वेळी पाठीमागून चिमटेसुद्धा लावावे लागत नाहीत.

आठ प्रतींतल्या दोन बँकेत जातात आणि सहा गल्ल्यातल्या चिल्लरखाली राहतात. घरात फोटो मोठा करून लावायची वेळ आली की ब्रँडचा फोटो कुणालाच आठवत नाही. चिल्लरखालचा सापडतो, कारण त्यात माणूस समोर बघतो. तो आजोबांच्या शेजारी लागतो. बापलेकांचा चेहरा अगदी एक आहे असे लोक म्हणतात. कोटही दोन्ही स्टुडिओचेच असतात.